वहिवाट

खोर सिद्रा. आमच्याकडे असतं हे गाव
तर नाव पडलं असतं बोरखाडी,
आणि तलाठ्याने किनाऱ्यासमोर लिहिलं असतं :
पोटखराबा, आकार शून्य.

इथे त्याची किंमत सगळ्यांना ठाऊक.
म्हणून तर एका मंगळवारी, एसीत गारठलेल्या सभागृहात,
खजूर आणि वेलचीची कॉफी फिरवून झाल्यावर
सरकारने चार किलोमीटर किनारा
नगरपालिकेच्या हाती सोपवला.
विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही,
फक्त सांभाळायचा, लोकांच्या वतीने.
मी मागच्या रांगेत, नकाशांची नळकांडी कवटाळून.
मनात आलं, दान देताना हातावर उदक सोडतात.
इथे पाण्याचा काठच द्यायचा,
तर वर कुठलं पाणी सोडणार?

मोजणी माझी. गनी परकार, बाणकोटचा,
ड्राफ्ट्समन, सतरा वर्षं, व्हिसा दर दोन वर्षांनी.
भरतीची सगळ्यात वरची ओल धरून
एकवीस खुंट्या ठोकल्या, डोक्याला लाल रंग.
अलीकडे नगरपालिका, पलीकडे अजून सरकार.

खल्फान रोज यायचा, खांद्यावर गरगूर,
तारेचा घुमट, ज्यात माशाला आत जायची वाट सापडते,
परतायची नाही.
विचारायचा, आज कुठवर आलं तुझं सरकार?
चौदा नंबरची खुंटी नेमकी त्याच्या होडीखाली येत होती.
म्हटलं, चाचा, कागदावर तुमची नाळ शहरात,
वरामडं सरकारात.
तो म्हणाला, आणि मासे? त्यांना कळवलंस?
त्या रात्री शमाल सुटला.
सकाळी चौदा नंबर जागेवर नव्हती,
दोनशे पावलांवर, शेवाळात,
लाल डोकं वर करून पडलेली.
परत ठोकली. हातभर इकडेतिकडे झाली असेल.
कोण बघतंय?

दस्तात कलम सात : जनतेचा वावर अडवू नये.
व्याख्यांच्या पानावर धक्का होता, भूखंड होता,
खारफुटी होती.
जनता नव्हती.
मी विचारलं नाही.

मग बाक आले.
खजुराची झाडं ट्रकमधून उभीच्या उभी आली.
मग पाटी आली, तीन भाषांत :
शुक्रवारी फक्त कुटुंबांसाठी.

माझं कुटुंब बाणकोटात. रुकय्या, दोन मुली,
आणि रुकय्याची आई, जिला वाटतं
जावई आखातात समुद्र मोजायला गेलाय
(फार चुकीचं नाही वाटत).
इथल्या हिशेबात मी बॅचलर.

शुक्रवार, साडेपाच.
वॉचमन नूरझमान शिट्टी फुंकत आला,
ओशाळलेला, कारण तोही बॅचलरच.
मी चपला हातात घेतल्या, पॅन्ट दुमडली,
चौदा नंबर ओलांडून घोटाभर पाण्यात उभा राहिलो.
म्हटलं, नूरझमान, तुझी पाटी त्या खुंटीपर्यंत.
इथे मी सरकारच्या हद्दीत,
आणि सरकारला पाटी लावायचं अजून सुचलेलं नाही.

त्याने खुंटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
शिट्टी खिशात टाकली.

ओहोटी लागली होती.
इथलं पाणी उथळ, हटतं तेव्हा लांब हटतं.
घोट्यावरून तळव्याखाली, मग नुसती ओल,
बारा मीटर, वीस, पस्तीस,
मी कधीच न काढलेली जमीन.
सिमेंट कंपनीच्या बसमधून पोरं उतरली,
कुणी टॉवेल अंथरला, कुणी शेंगांची पुडी सोडली.
खल्फान मधोमध बसून तार वळत राहिला.
बाकांवर कुटुंबं आइस्क्रीम खात आमच्याकडे बघत होती.
एक लहान पोरगी उडी मारून आमच्यात पळत आली
आणि आई हाका मारत राहिली.

पाणी दहा बावन्नला फिरणार होतं.
तक्ता माझ्याच खिशात होता.
मी कोणाला सांगितलं नाही.